दुसरा तारा

२० जुलै

आले एकदाची. बस शेवटच्या थांब्यावर पोचली तेव्हा आत मी आणि चालक, दोघंच उरलो होतो. उतरताना मी वाकून त्याचे आभार मानले. माझ्या नवऱ्यानं, शूझोनं, आयुष्यभर हामामात्सुत सिटी बस चालवली, त्यामुळे चालकाचे आभार मानल्याशिवाय मला बसमधून उतरताच येत नाही.

लॉजचे मालक शिमोसाका-सान छोटा ट्रक घेऊन न्यायला आले होते. साठीचे, गोल, सतत बोलणारे. माझं लांब खोकं उचलताना त्यांची कंबर धरली. म्हणाले, की मिनेगिशी-सान, यात काय नवऱ्यालाच भरून आणलंत? मग माझ्या नोकरीच्या अर्जात काय लिहिलं होतं ते त्यांना आठवलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. मी हसले. जानेवारीत शूझो गेला, त्यानंतर पहिल्यांदाच. म्हटलं, नवरा नाही, नवऱ्याची दुर्बीण आहे. पण नखरे दोघांचे सारखेच.

होशिकुबो हे गाव म्हणजे डोंगरांच्या ओंजळीत ठेवलेली मूठभर घरं. इथे लोक तारे बघायला येतात. अंधार पडला की गाव दिवे मालवतं. रस्त्यावरच्या दिव्यांना वरून टोप्या घातल्या आहेत. माझं काम गाद्या घालणं, नाश्ता करणं आणि रात्री पाहुण्यांना दुर्बिणीतून चार गोष्टी दाखवणं. लॉजची स्वतःची दुर्बीण बिघडलेली आहे. शिमोसाका-सान प्रामाणिकपणे म्हणाले, की अर्जात तुमचा स्वयंपाक वाचून होकार दिला नव्हता, दुर्बीण वाचून दिला.

माझी खोली तळमजल्यावर, अंगणाकडे खिडकी असलेली. जेवायला गार नूडल्स आणि लोणचं होतं. गादी जाड आहे. इथे मला झोप लागेल असं वाटतंय.

२४ जुलै

दुर्बीण अंगणात लावली. मी शाळा लवकर सोडलेली बाई, पण वाचनालयात खगोलाची जेवढी पुस्तकं होती तेवढी वाचून काढली आहेत. शूझो हयात असताना मी फक्त थर्मासमधून चहा ओतायची. आता सगळं मलाच करायचं.

वाचून जे समजलं ते असं. या यंत्राला सगळं आकाश पाठ असतं. कोणता तारा कुठे आहे, कधी उगवतो, सगळं. फक्त आपण स्वतः कुठे उभे आहोत हे त्याला कळत नसतं. ते माणसानं सांगायचं. आधी तिपाईवर पाणसळ ठेवून ती सपाट करायची. मग कंट्रोलरमध्ये गाव, तारीख, वेळ भरायची. मग त्याला दोन तारे दाखवायचे. यंत्र अंदाजानं पहिल्या ताऱ्याकडे वळतं, आपण बटणांनी तो नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, बरोबर मधोमध आणायचा आणि 'निश्चित' दाबायचं. मग दुसरा. एक तारा पुरत नाही. एकाच दिव्याकडे बघून कोणाला वाट कळते? दुसरा दाखवला की यंत्राला जागेचं भान येतं, आणि पुढे जे मागाल त्याच्यावर ते आपणहून जाऊन थांबतं.

मध्यभागी आणताना शेवटची बटणं नेहमी 'उजवी' आणि 'वर' हीच दाबायची, नाहीतर दातेरी चाकांतली ढील तशीच राहते. शूझोचं बोट आपोआप तसंच चालायचं. उजवी, वर. उजवी, वर. मोटर कुर्र कुर्र करायची. तारा मधोमध आला की श्वास रोखायचा, हलकेच 'हं' म्हणायचा आणि बटण दाबायचा.

मला काही जमलं नाही. पहिला तारा बाजूलाच पडतो, चंद्राची दोन-तीन बिंबं मधे मावतील इतका. मग मी शेजारचाच कोणता तरी तारा पकडते आणि पुढे सगळंच चुकतं. पाहुण्यांना शनी दाखवते म्हणून सांगितलं आणि दुर्बिणीची नळी विजेच्या खांबावर जाऊन थांबली. शिमोसाका-सान म्हणाले, की वा, या शनीला तर तारासुद्धा जोडल्यात!

झोपायच्या आधी कारण सापडलं. कंट्रोलरमध्ये गाव अजून हामामात्सुच आहे. शूझोनं भरलेलं. बदलायला एक मिनिट लागेल.

बदललं नाही.

३० जुलै

कुंपणापलीकडच्या तोमे आजी काकड्या घेऊन आल्या. आडनाव ओकिमुरा, पण गावात सगळे तोमे आजीच म्हणतात. नव्वदीला टेकलेल्या, कंबरेत काटकोनात वाकलेल्या, एकट्या राहतात. ओसरीवर त्यांचा एक दिवा रात्रभर जळतो. संडास अंगणात आहे, अंधारात पडले तर उचलायला कोण येणार, हे त्यांचं म्हणणं. शिमोसाका-साननी बरीच हुज्जत घालून शेवटी त्या दिव्यावर लाल जिलेटिनचा कागद बांधला, म्हणजे पाहुण्यांचे डोळे दिपत नाहीत. आता पाहुणे विचारतात, की तो खाली टेकलेला लाल तारा कोणता? शिमोसाका-सान गंभीर चेहऱ्यानं सांगतात, की तो तोमे तारा, फक्त आमच्याच गावातून दिसतो.

आजी मला म्हणाल्या, की अगं ताझुको, हा शिमोसाका लहानपणी माझ्या झाडावरची पर्सिमॉनची फळं चोरायचा आणि आता मला तारा म्हणतो. मेल्यावर माणूस तारा होतो म्हणे. याला घाई झालीय.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकड्यांना मिसो, म्हणजे सोयाबीनची खारट चटणी, लावून तिथेच पायरीवर बसून खाल्ल्या.

७ ऑगस्ट

आज या खोऱ्यातली तानाबाता. विणकरीण आणि गुराखी, म्हणजे अभिजित आणि श्रवण हे दोन तारे, यांची वर्षातून एकदाच भेट व्हायची रात्र. बांबूच्या फांद्यांना चिठ्ठ्या बांधून त्यावर मागणं लिहितात. मी लिहिलं, यंत्र एकदा तरी नीट जुळू दे. शिमोसाका-साननी ते वाचलं. म्हणाले, की एवढ्या लहान कामासाठी देवांना कशाला त्रास, तेरा तारखेला नवरा घरी येईल तेव्हा त्यालाच विचारा.

मग तोमे आजींनी मला पायरीवर बसवून सगळं सांगितलं. ओबोन, म्हणजे गेलेल्या माणसांचा सण, हामामात्सुतही करतात, पण इथली रीत वेगळी. इथे आग भूर्जाच्या सालीची करतात. तेरा तारखेला संध्याकाळी दाराशी साल पेटवायची, तिचा काळा धूर निघतो, त्या उजेडानं गेलेलं माणूस घरी येतं. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करायचा, म्हणजे ते लवकर येतं. वांग्याची गाय करायची, म्हणजे परत जाताना सावकाश, ओझं घेऊन जातं. सोळा तारखेला पुन्हा आग. ती निरोपाची. शूझो गेल्यापासून माझ्याकडे हे पहिलं ओबोन, म्हणून दारात पांढरा कंदीलही.

आजींनी बजावलं, की सोळाव्याची आग सोळाव्यालाच. सतराव्याला पेटवलीस तर ती नुसती शेकोटी. वाट तोवर मिटलेली असते.

मी विचारलं, की शूझोनं हे गाव कधी पाहिलं नाही, तो येईल कसा? त्या म्हणाल्या, की जिथे बायको आग लावते ते घर.

रात्री कंट्रोलर काढला आणि गाव बदललं. होशिकुबो. माणूस बाहेर गेला असताना घराचं कुलूप बदलावं तसं वाटलं.

१३ ऑगस्ट

संध्याकाळी, पाहुणे दुर्बिणी मांडायच्या आत, साल पेटवली. काळा धूर सरळ वर गेला. शूझोचं नाव घेतलं. मोठ्यानं घ्यायला लाज वाटली, म्हणून तोमे आजींनीच कुंपणावरून ओरडून घेतलं. म्हणाल्या, की बस चालवणारा माणूस आहे, हॉर्नच्या आवाजाची सवय असणार.

आज उल्कांची रात्र. ययाती तारकासमूहाकडून दर थोड्या वेळानं एखादी सुटत होती आणि पाहुणे 'आहा' म्हणत होते. मी यंत्र जुळवायला बसले. पुस्तक सांगतं, की डोक्यावरचा तारा घेऊ नये, म्हणून मी आजवर स्वाती आणि श्रवण घ्यायची. शूझो मात्र हट्टानं अभिजित आणि श्रवणच घ्यायचा, बिचाऱ्यांची ताटातूट कशाला म्हणून. आज त्याच्यासारखं केलं.

अभिजित पहिल्याच फटक्यात नेत्रिकेत होता. मधोमध. मी बटणाला हातही लावला नव्हता. मग श्रवण. तोही मधोमध. मी 'हं' म्हटलं आणि दाबलं.

त्यानंतर जे मागितलं ते मिळालं. शनी, त्याच्या कड्यासह. शौरीतला तारकागुच्छ. कुठलंही.

अंधारात रडायची सोय असते.

१५ ऑगस्ट

तो इथे आहे. मी वेडी नाही. जे दिसतं तेच लिहिते. कालही, आजही तारा मध्यापासून जरासा ढळला की कंट्रोलर माझ्या मांडीवर असताना मोटर आपणहून चालते. उजवी, वर. उजवी, वर. दुसरं कोणी तसं करत नाही. मी दोन कप चहा ओतते. शिमोसाका-साननी दुसरा कप पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं, की तुम्ही अंधारात कोणाशी बोलत होता? मी म्हटलं, यंत्राशी.

उद्या सोळा तारीख.

१६ ऑगस्ट

लावली नाही.

साल काढली होती, दाराशी रचली होती. काडेपेटी हातात होती. तेवढ्यात शिमोसाका-साननी हाक मारली, की पाहुणे दुर्बिणी लवकर मांडतायत, आग असेल तर पटकन उरका. मी म्हटलं, उरकली. अगदी सहज तोंडातून गेलं.

मग रचलेली साल उचलून खोलीत गादीच्या कपाटात ठेवली. मला वाटलं, विणकरणीलासुद्धा वर्षातून एकच रात्र मिळते, पण ती रात्र लांबवणं तिच्या हातात नसतं. माझ्या हातात आहे.

वांग्याची गाय देवघरापुढे उभी होती. तिचे काड्यांचे पाय काढले. चिरली. मिसोत परतली. भाताबरोबर खाल्ली.

कडू नव्हती. चांगली झाली होती, हेच जास्त लागतंय मनाला.

१७ ऑगस्ट

तोमे आजींनी विचारलं, की काल तुझ्या दाराशी धूर दिसला नाही. मी म्हटलं, वारा होता, तुमच्याकडे आला नसेल. काल वारा नव्हता. मग म्हणाल्या, की ताझुको, पाहुण्याला जेवू घालून बाहेरून कडी घातली तर तो पाहुणा राहत नाही. जाताना वांगी ठेवून गेल्या, त्यांच्या बागेतली. मला वर मान करता येईना.

रात्री यंत्र जुळवलं. अभिजित मागितला तर नळी रिकाम्या आकाशावर गेली. थांबली, जरा पुढे सरकली, परत आली. पुन्हा पुढे. पूर्वी एकदा पुरानं पूल वाहून गेला होता आणि शूझोला बस वळवायला जागा मिळत नव्हती. मी त्या दिवशी बसमध्ये होते. तो अगदी असाच पुढे-मागे करत होता. उतारूंनी आजूबाजूला विचारा म्हटलं तर त्यानं विचारलं नाही. वाट चुकणं ही त्याला शरमेची गोष्ट वाटायची.

मी दोन कप ओतले. एकही प्यावासा वाटला नाही.

१९ ऑगस्ट

रोज मी नळी उत्तरेकडे आडवी करून, ताडपत्री घालून झोपते. काल सकाळी ताडपत्री खाली पडलेली आणि नळी समोरच्या डोंगराच्या धारेकडे होती. आज सकाळी त्याहून खाली, देवदारांच्या शेंड्यांवर. आकाशातून ती उतरते आहे.

ताऱ्यांनी त्याला वाट कळेना, म्हणून खालचे दिवे शोधतोय का?

आजींकडे जाऊन खरं सांगायचं ठरवलं. कुंपणापर्यंत गेले. त्या बागेत वाकून काहीतरी खुडत होत्या. परत आले.

२० ऑगस्ट

शिमोसाका-सान सकाळी हसत हसत सांगत आले, की मिनेगिशी-सान, तुमची दुर्बीण तोमे आजींच्या ओसरीत डोकावतेय. या वयाच्या बाईचं काय बघायचंय तिला? आजी कुंपणापलीकडून ओरडल्या, की बघू दे की! माझा नवरा होता तेव्हा त्यानंसुद्धा इतकं निरखून पाहिलं नाही.

सगळे हसले. मीही हसले.

नेत्रिकेला डोळा लावला. ओसरीवरचा दिवा, लाल कागदातला. जवळजवळ मधोमध. जवळजवळ.

नळी वळवली. बॅटरी काढून खोलीत आणली. उशाशी ठेवली. आता सांगायलाच हवं होतं. संध्याकाळी पाहुण्यांचं जेवण होतं, म्हणून उद्या सकाळी जाईन.

झोपेत आवाज आला. आधी वाटलं, रातकिडे. अंगणातून. कुर्र. कुर्र. बॅटरीवर माझा हात होता.

उजवी, वर. उजवी, वर. मग शांत. मग एकदा, हलकेच, माणसानं श्वास सोडावा तसं —

मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. उठायला हवं होतं. उठले नाही.

२१ ऑगस्ट

तोमे आजी गेल्या.

ओसरीवर बसलेल्या सापडल्या, तोंड आमच्या अंगणाकडे. दिवा विझलेला. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. गाव म्हणालं, किती छान मरण. शिमोसाका-सान लहान मुलासारखे रडले. म्हणाले, की मी त्यांना तारा म्हणायचो, तारा म्हणायचो.

त्यांना वाटतंय, की आजींना त्यांचंच बोलणं भोवलं. मी त्यांना वाटू दिलं.

गावच्या बायकांबरोबर आजींना आंघोळ घातली. पाठ जन्मभर वाकलेली, ती आता सरळ झाली होती. मी त्यांचा हात पुसला. याच हातांनी वांगी खुडली होती.

संध्याकाळी अंगणात गेले. कंट्रोलरला बॅटरी नाही, तरी त्याची पाटी उजळलेली होती.

पहिला तारा : निश्चित.

खाली नावाची जागा असते. ती रिकामी.

दुसरा तारा मध्यभागी आणा.

२२ ऑगस्ट

नळी आमच्याच लॉजकडे वळली आहे. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खिडकीकडे. तिथे शिमोसाका-सान झोपतात, दिवा लावून. आजींच्या मरणापासून त्यांना अंधार सोसत नाही. जन्मभर लोकांचे दिवे मालवत फिरलेला माणूस.

सांगितलं. सगळं. सालीचं, वांग्याचं, खोटं बोलल्याचं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, की मिनेगिशी-सान, तुम्ही दमला आहात. यंत्रात दव शिरलंय, उद्या कंपनीकडे पाठवू. मी म्हटलं, निदान काही दिवस तुमच्या मुलीकडे मात्सुमोतोला जा. म्हणाले, की शनिवारचे पाहुणे काय तुम्ही शनीवर पाठवणार? जोक करायचा प्रयत्न होता.

माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

२३ ऑगस्ट

नळी काढली. खोक्यात घालून खोकं दोरीनं बांधलं. नुसती तिपाई आणि तिच्यावरची फिरती बैठक उभी आहे अंगणात.

ती फिरतेय. नळीशिवाय. रिकामा हात कोणाकडे तरी दाखवावा तसा.

संध्याकाळी शिमोसाका-सान कपाळावर लाल दिवा बांधून अंगणातून गेले. बैठक त्यांच्याबरोबर वळली. ते थांबले, ती थांबली. उजवी. वर. मी किंचाळून दिवा त्यांच्या डोक्यावरून ओढला. आता ते माझ्याकडे भीतीनं बघतात. माझ्याकडे. अंगणाकडे नाही.

२४ ऑगस्ट

काल रात्री कपाटातली साल काढून पेटवली. वाट मिटली असली तरी. काळा धूर आला. नाव घेतलं, मोठ्यानं, घसा फुटेस्तोवर. या उजेडानं जा. जा. मी चुकले. जा.

बैठक हललीसुद्धा नाही.

आग लवलवत असते. तारा स्थिर हवा. त्याला स्थिर उजेड हवा आहे.

सकाळी नळी खोक्यात नव्हती. दोरीची गाठ सुटलेली नव्हती. नळी बैठकीवर, नीट बसवलेली. वरच्या खिडकीकडे. नेत्रिकेत खिडकीतला दिवा. अगदी थोडासा बाजूला.

आज रात्री.

तो वाईट नाही. हे लिहून ठेवते. तो कधीच वाईट नव्हता. त्याला परत जायचंय आणि वाट दिसत नाही आणि विचारायची लाज वाटते. उजेड मी लपवला. गाय मी खाल्ली. आजी — माझ्यामुळे. त्याच्यामुळे नाही.

एका ताऱ्यानं भागत नाही.

२५ ऑगस्ट, मध्यरात्र उलटून गेली

शिमोसाका-सान झोपल्यावर वर जाऊन त्यांचा दिवा मालवला. खिडकीला पडदा लावला. ते झोपेत काहीतरी पुटपुटले, 'आजी' असं असेल. पायांवर पांघरूण घातलं.

आजींच्या ओसरीवरून तो लाल कागद सोडून आणला. माझ्या टेबलावरच्या दिव्याला बांधला. अंगणात गवतावर बसले आहे, दिवा मांडीवर, त्याच्याच उजेडात ही वही. हात कापू द्यायचा नाही. उजेड हलता कामा नये.

शूझो, इकडे. वर नाही. तिथे काही नाही. इकडे.

हलली.

वरच्या खिडकीवर थांबलीय अजून — नको. तिकडे नको. तो माणूस मला हसवणारा —

इकडे. मी आहे. लाजू नकोस, मीच विझवली होती वाट. मीच दाखवते.

वळली.

समोरून नळी इतकी काळी दिसते हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तिच्या मागेच बसले, चहा घेऊन. काचेत एक लाल ठिपका आहे. तो मी.

आकाश स्वच्छ आहे. अभिजित डोक्यावरून पश्चिमेला कललाय. श्रवण —

उजवी.

वर.

भीती वाटतेय. हे लिहायचं नव्हतं.

उजवी. जरा जास्त झालं. परत येतोय. घाई करू नकोस, मी हलत नाही.

उजवी.

वर.

थांबली. रातकिडेही थांबले. तो श्वास रोखून आहे, मला कळतंय. आता तो म्हणेल, हलकेच, नेहमीसारखं —